माळाचा अल्बम

सकाळचे सव्वासात वाजलेत. शिरसुफळच्या अलीकडच्या एका टेकाडावर मी पालथा पडलोय. हनुवटी मुरमाला टेकलेली, कोपरांखाली गोणपाट आणि डोळ्यांपुढं वीतभर अंतरावर बोटाच्या दोन पेरांएवढं एक फूल. वारा थांबत नाही. नाना माझ्या डाव्या अंगाला छत्री आडवी धरून उकिडवे बसलेत. छत्री वाऱ्यासाठी आहे, पावसाचा टिपूसही नाही. "दम धरा सर, पडंल वारं," ते म्हणतात. फूल हलतं, स्थिरावतं, मी श्वास धरतो, बटण दाबणार तेवढ्यात पुन्हा हलतं. अर्धा तास असाच गेला.

बारामतीकडचा माळ उभ्यानं दिसत नाही. रस्त्यावरून गाडीतून तर नाहीच. मी याच तालुक्यात वाढलो, याच माळावर बोरं वेचली, पुढं जीवशास्त्र शिकून इथंच कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागलो, आणि तरी कितीतरी वर्षं माळ म्हणजे माझ्या लेखी दोन गावांमधलं रिकामं अंतर होतं. मुलांची सहल काढायची तर आम्ही महाबळेश्वरला जायचो. वनस्पती पाहायच्या म्हणजे सह्याद्रीत जायचं, पाऊस पडतो तिकडं जायचं, असं आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, पण आम्ही सगळे तसंच वागत होतो.

आता दर पावसाळ्यात आम्ही चौघं माळावर जातो. नाना वनखात्यातून वनरक्षक म्हणून निवृत्त झालेत. इंदापूर आणि बारामतीच्या माळांवर त्यांनी उभी नोकरी पायी केली. आमच्या गणिताच्या मॅडम वही सांभाळतात. जागा, तारीख, वेळ, उतार कुठल्या दिशेचा, जमीन काळी की मुरमाड, हे सगळं त्यांच्या अक्षरात. चौथा आमचा स्टुडिओवाला मित्र. कॅमेऱ्यातलं जे काही मला येतं ते त्यानं शिकवलंय. त्याचं आणि माळाचं वेळापत्रक इतकं जुळतं की मला त्याचं नवल वाटत आलंय. आषाढ लागला की लग्नं थांबतात, स्टुडिओत काम राहत नाही, आणि नेमका तेव्हापासून माळ हिरवा व्हायला लागतो. तुळशीचं लग्न लागलं की याची धावपळ सुरू, तोवर गवत पिवळं पडलेलं असतं. मधले चार महिने दर रविवारी पहाटे साडेपाचला तो माझ्या दारात हॉर्न वाजवतो.

बारामतीतून निघालं की पहिली काही किलोमीटर ऊसच ऊस. नीरा डावा कालवा 1880च्या दशकातला. त्यानं या तालुक्याचे दोन भाग केले, आणि आमच्याकडं अजून माणसाची ओळख त्यावरून होते: बागायतातला की जिरायतातला. बागायती पट्टा संपला की जमीन हळूहळू चढते, बांधावरची बाभूळ जाऊन हिवर दिसायला लागतो, हवेतला दमट वास जातो. वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बराचसा भाद्रपद-आश्विनात, परतीचा. सह्याद्री ढग अडवतो आणि इकडं उरतं ते वारं. शिरसाई देवीचं देऊळ याच भागात, आणि आता उपसा सिंचन योजनेलाही जनाई-शिरसाईचं नाव आहे. पाणी हाच इथला नवस, त्यामुळं ते नाव योग्य जागी बसलंय असं मला वाटतं.

गाडी रस्त्याकडेला लावायची आणि चढायचं. चढायचं म्हणजे काय, टेकाड फार तर वीस मिनिटांचं. पण आम्हाला माथ्यावर पोचायला दुपार होते, कारण पहिल्या शंभर पावलांतच कुणीतरी गुडघ्यावर बसतं.

आधी विष्णुक्रांता. जमिनीसरपट पसरलेली, नखाएवढी निळी फुलं. ती सकाळी उमलतात आणि ऊन चढलं की मिटतात, म्हणून तिचा मान पहिला. गणपतीला वाहायच्या एकवीस पत्रींत ती आहे. मॅडमनी एकदा त्या एकवीस नावांची यादी वहीत लिहून आणली आणि माळावर सापडेल त्यावर खूण करत गेल्या: दूर्वा, आघाडा, शमी, बोर, डोरली, रुई, विष्णुक्रांता. इथून मोरगावचा मयूरेश्वर काही फार लांब नाही. पत्री बाजारातून पुड्यात घ्यायची सवय लागण्याआधी या भागातली माणसं ती याच माळावरून खुडत असणार. आणि खुडायची तर झाड ओळखता आलं पाहिजे, कुठं उगवतं ते ठाऊक पाहिजे.

मग माकडशिंगी. दगडाच्या फटीतून वर आलेली चौधारी मांसल कांडी, पानांचा पत्ता नाही, टोकाशी जांभळट फुलं खाली माना घालून. पाकळ्यांच्या कडेला इतके बारीक केस असतात की वारा नसतानाही ते थरथरतात. गुराखी पोरं कांडी मोडून मीठ लावून खातात. फुलाजवळ नाक नेलं की कुजका वास येतो, कारण त्याला माशी बोलवायची असते. शेजारी भुईगेंदाचे काटेरी गोळे, त्याच्या पलीकडं झुडपाच्या आधारानं कळलावीची लाल-पिवळी ज्योत. हिचे फोटो सगळेच काढतात, लांबून दिसते म्हणून. आम्ही तिच्यापाशी फार थांबत नाही.

फोटो काढणं म्हणजे सुंदर चित्र मिळवणं, अशा समजुतीनं मी सुरुवात केली होती. पहिल्या वर्षीचे फोटो मी पुण्यातल्या एका जाणकारांना दाखवायला घेऊन गेलो. मागची पार्श्वभूमी धूसर, फूल टवटवीत, मला फार अभिमान. त्यांनी शांतपणे एकेक पाहिला आणि विचारलं, पान खोडावर कसं लागलंय? पानाची खालची बाजू? देठाला लव आहे का? कंद? फळ? माझ्यापाशी एकाचंही उत्तर नव्हतं. थिओडोर कुक या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या प्राचार्यांनी 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर जो ग्रंथ भागाभागांनी छापला, त्यात चित्रं नाहीत. नुसते शब्द. पण त्या शब्दांत या सगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. पुण्यात 1955पासून भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं कार्यालय आहे. तिथं कागदावर दाबून चिकटवलेले वाळके नमुने पाहिले तेव्हा मला समजलं की रंग उडालेलं, चपटं झालेलं ते झाड माझ्या झगझगीत फोटोपेक्षा जास्त बोलतं.

तेव्हापासून आमची पद्धत बदलली. एका झाडाचे निदान सहा फोटो: सबंध झाड आपल्या जागेवर, खोड आणि पानाचा सांधा, पान वरून, पान खालून, फूल समोरून, फूल बाजूनं. फळ असलं तर तेही. शेजारी सहा इंची पट्टी. उपटायचं काहीच नाही. फ्लॅशचा उजेड पांढराफटक पडतो म्हणून मित्रानं दुधी प्लास्टिकच्या डब्याचं झाकण कापून फ्लॅशपुढं रबरानं बांधलं. लग्नात नवरीच्या चेहऱ्यावर पडतो तसला मऊ उजेड आता माकडशिंगीवर पडतो. तो म्हणतो, नवरी निदान हलू नको म्हटलं की थांबते.

या पद्धतीचा खरा कस लागला तो खरचुडीपाशी. त्या दिवशी मी पालथा पडलो होतो तो तिच्यासाठीच.

खरचुडी ही बारीक वेल. काटेरी झुडपाच्या नाहीतर गवताच्या काडीच्या आधारानं दीड-दोन हात चढते आणि फूल नसलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. फूल मात्र असं की पहिल्यांदा पाहणारा बोलायचा थांबतो. खाली फुगीर कुपी, वर अरुंद नळी, आणि माथ्यावर पाच पाकळ्या टोकाला एकमेकींना चिकटून झालेला कंदिलाचा पिंजरा. लिनियसनं 1753 साली या प्रजातीला सेरोपेजिया हे नाव दिलं, त्याचा अर्थ मेणाचं कारंजं. आमच्याकडच्या या जातीचं शास्त्रीय नामकरण रॉक्सबर्गनं 1795 साली केलं, पूर्वेकडच्या कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात. बल्बोझा म्हणाला, कंदावरून.

एकाच उतारावर आम्हाला दोन वेली सापडल्या. एकीची पानं जवळजवळ गोल, अंगठ्याच्या पेराएवढी. दुसरीची गवताच्या पात्यासारखी अरुंद. मी ठामपणे सांगून टाकलं, या दोन वेगळ्या जाती आहेत. वर्गात शिकवताना येतो तसा ठामपणा. मॅडम म्हणाल्या, "सर, फुलाची मापं सारखीच येतायत." पट्टी लावून त्यांनी दोन्हीची नळी, कुपी, पिंजरा मोजला होता. मी पानाकडं बोट दाखवत राहिलो. रात्री घरी फोटो मोठे करून शेजारी शेजारी ठेवले. पाकळ्यांच्या कडेची लव, कुपीचा आकार, आतले जांभळे पट्टे, सगळं एकसारखं. ग्रंथ काढला तर त्यात स्पष्ट लिहिलेलं: रुंद पानांची आणि अरुंद पानांची, दोन्ही एकाच जातीची रूपं. मॅडमना फोन करून तसं सांगितलं. वहीत माझा अंदाज त्यांनी खोडला नाही, त्याच्याखाली दुरुस्ती लिहिली. मला ते आवडलं. आता वर्गात मी ते पान मुलांना दाखवतो.

या फुलातला पिंजरा शोभेचा नाही. वासानं ओढलेली चिलटासारखी बारीक माशी नळीतून आत उतरते. नळीच्या आतले केस खालच्या दिशेनं वळलेले असतात, त्यामुळं जाता येतं, परत येता येत नाही. माशी कुपीत कोंडून राहते, तळाशी फिरते आणि परागांचे पुंजके तिच्या अंगाला अडकतात. मग केस सुकतात, ताठ उभं असलेलं फूल कलतं, आणि माशी बाहेर पडून दुसऱ्या फुलाकडं जाते. हे पुस्तकात वाचणं वेगळं. त्या सकाळी मित्रानं फुलामागं छोटी टॉर्च धरली तेव्हा कुपीच्या पातळ भिंतीतून आतला काळा ठिपका सरकताना दिसला. चौघांनीही आळीपाळीनं आडवं होऊन तो पाहिला. कुणी काही बोललं नाही. नानांनी छत्री मिटून बाजूला ठेवली आणि दोन्ही हात जमिनीला टेकून ते बराच वेळ तसेच राहिले.

"काय हरवलं का पाव्हणं?"

मागं मेंढरं उभी होती. मेंढका घोंगडीचा पदर सावरत खाली वाकला, आम्ही काय पाहतोय ते त्यानं पाहिलं. "आवो, ही तर खरचुडी."

बारामती-इंदापूरच्या माळावरची धनगर मंडळी हे माळाचं खरं ज्ञान बाळगून आहेत. तुकोबांची पालखी या वाटेनं जाते तेव्हा काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, आणि ते पाहायला लांबून माणसं येतात. पण उरलेलं वर्ष त्या मेंढ्या काय खातात हे विचारायला कोण येतं? मी विचारलं. तो सांगत गेला, मॅडम लिहीत गेल्या. कुठलं गवत कोवळं असतानाच मेंढी खाते, कुठलं वाळल्यावरही चालतं. मारवेल म्हटलं की त्याचा चेहरा उजळतो. कुसळाला भाद्रपदापर्यंतच तोंड लावायचं, पुढं त्याची कुसळं लोकरीतून कातड्यात घुसतात. ती घुसतात कशी, हे मी त्याला सांगितलं: कुसळाची शेपटी पिळलेली असते, ओल लागली की उलगडते, सुकली की पुन्हा पीळ घेते, आणि त्या फिरण्यानं बी स्वतःला जमिनीत रोवतं. मेंढीच्या अंगालाही ते जमीनच समजतं. त्यानं एक कुसळ तळहातावर घेतलं, थुंकीचं बोट लावलं आणि ते फिरताना पाहून हसला. "लहानपणी ह्येचा खेळ खेळायचो. का फिरतंय ते आज कळलं."

खरचुडीचा कंद ते खातात. कच्चाच, सोलून, रानात तहान-भूक लागली की. माझा जीव धसकला, ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. तो म्हणाला, "मोठा गड्डा असंल तरच काढायचा. बारका लागला तर पुन्यांदा मातीत. न्हाईतर पोरांनी काय खायचं?"

त्या रविवारी दुपारून आम्ही इंदापूरच्या बाजूला वळलो. कडबनवाडीचा माळ चिंकारा आणि लांडग्यांसाठी प्रसिद्ध आहे. वनविभागानं अलीकडं तिथं आणि शिरसुफळला माळरान सफारी सुरू केलीय, त्यामुळं पुण्या-मुंबईची माणसं गवत पाहायला येतात, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. पण आम्ही सफारीच्या वाटेनं गेलो नाही. जवळच्या एका गावाच्या गायरानात मला जायचं होतं. तिथं जाणं मी दोन वर्षं टाळत होतो.

पंधराएक वर्षांपूर्वी त्या गायरानात मी साठ-सत्तर मुलांना घेऊन झाडं लावली होती. गिरिपुष्प. लवकर वाढतं, पाणी मागत नाही, जनावर फारसं तोंड लावत नाही, म्हणून निवडलं. मूळचं मध्य अमेरिकेतलं. माळ उघडा-बोडका आहे, त्याला हिरवा करूया, असं भाषण मी केलं होतं. मुलांनी घरून बाटल्यांनी पाणी आणलं. माझ्या नोकरीतला तो मला सगळ्यात अभिमानाचा दिवस वाटायचा.

झाडं जगली आहेत. चांगली दोन पुरुष उंच झालीत. त्यांच्याखाली मी वाकून पाहिलं, मग गुडघ्यावर बसून, मग आडवं होऊन. वाळक्या पानांचा थर. गवत नाही. कुसळ नाही, मारवेल नाही, विष्णुक्रांता नाही. जिथं झाडांची ओळ संपते तिथून चार पावलांवर, उन्हात, सगळं आहे. इथल्या वनस्पतींना सावली नको असते. त्यांची सगळी रचना उघड्या आभाळाखाली, दोन-तीन महिन्यांच्या ओलीत जगून घेण्यासाठी झालेली आहे. उरलेलं वर्ष त्या जमिनीखाली कंद होऊन नाहीतर बी होऊन थांबतात. उन्हाळ्यात माळ उघडा-बोडका दिसतो तेव्हा तो तसा थांबलेला असतो. मी त्याला मेलेला समजलो आणि त्यावर छप्पर घातलं. या चुकीचं खापर मी दुसऱ्या कुणावर फोडणार नाही. देशाच्या पडीक जमिनींचे जे अधिकृत नकाशे छापले गेलेत त्यांत खुरटी झुडपं असलेला माळ आणि ऱ्हास झालेली कुरणं पडीकच धरली आहेत. पण मी वनस्पती शिकवणारा माणूस होतो. मला खाली वाकून पाहता आलं असतं.

त्याच गायरानाच्या दुसऱ्या अंगाला यंदा जेसीबीनं चर खणलेत. पाणी मुरावं हा हेतू चांगला आहे, जिरायतातल्या माणसाला त्याची किंमत सांगायला नको. पण इथं माती वीतभर आहे, तिच्याखाली मुरूम. तो मुरूम उपसून वर टाकला की वरची माती, तिच्यातल्या बिया आणि कंद गाडले जातात. आणि चराच्या बांधावर पहिल्यांदा उगवतं ते गाजर गवत. 1950च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे तण उकरलेल्या जमिनीची वाटच पाहत असतं. त्या बांधांवर ते कमरेएवढं झालं होतं.

नाना खूप वेळ गप्प होते. रोपवनांवर त्यांनी स्वतः कितीतरी पावसाळे उभं राहून खड्डे मोजून घेतलेले. मग म्हणाले, "सर, काढून टाकायचं तर ग्रामसभेपुढं जावं लागंल. लोकं इचारतील, झाडं का तोडता? काय दाखवणार?"

फोटो, मित्र म्हणाला.

त्यानं काय केलं ते सांगतो. लग्नासाठी करतात तसला करिज्मा अल्बम त्यानं माळाचा केला. बारा बाय छत्तीसची उघडणारी पानं, जाड कागद, कव्हरवर नवरा-नवरीच्या जागी हिवराचं झाड. पैसे घेतले नाहीत. दर पानावर एक वनस्पती, मोठ्ठी, सबंध झाड आणि फूल शेजारी शेजारी. नावाची जागा मॅडमच्या सांगण्यावरून रिकामी ठेवली. गावात जे म्हणत असतील ते गावानंच सांगावं.

ग्रामसभेला अजून अवकाश आहे, पण नानांचं म्हणणं, आधी माणसांनी पाहू द्या. म्हणून गेल्या आठवड्यात आम्ही तो अल्बम देवळाच्या ओट्यावर नेऊन उघडा ठेवला. लग्नाचाच असेल म्हणून बायका आधी जवळ आल्या. मग पानं उलटायला लागल्या, बोटं फिरवायला लागल्या, एकमेकींना नावं सांगायला लागल्या. दोघींचं एका कंदाच्या नावावरून चांगलंच वाजलं. एका गावात दोन नावं, कारण एकीचं माहेर दौंडकडचं. मॅडमनी दोन्ही लिहिली.

एक म्हातारी खरचुडीच्या पानावर थांबली. चष्मा नव्हता, तिनं पान डोळ्यांजवळ नेलं.

"ही कुठल्या अंगाला गावली रं?"

मी अडखळलो. जागा सांगायची नाही, असं आम्ही ठरवलं होतं, कंद काढतील म्हणून. मी नानांकडं पाहिलं. नाना म्हणाले, "सांगा की सर. त्येंचाच माळ हाय."

मी सांगितलं. ओढ्याच्या वरच्या बाजूला, एकट्या हिवरापासून खाली.

"आन् त्याच्या पल्याड, घळीत बघितलं का?" ती म्हणाली. "कातळाच्या बुडाला. माझं लगीन झालं तवा तिथं लई हुती. म्या सासूसंग आनायची. बघून या, आन् असंल तर मला सांगा."

मॅडमनी वही उघडली आणि जागा लिहून घेतली.